तिसऱ्या चौकटीतली फुलं

बस मला रस्त्याच्या कडेला उतरवून निघून गेली आणि दुसऱ्याच क्षणी वाऱ्याने माझा चित्राचा फळा पकडला. तीन फुटी फळा, त्यावर ताणलेला कागद, वर मेणकापड गुंडाळलेलं… ओली नावाच्या खोऱ्यातल्या एप्रिलच्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगला आणि आम्ही दोघं, पुढे तो आणि मागे मी, रस्त्याकडेच्या चराकडे निघालो.

समोरून खुर्च्या लादलेला एक ट्रक येत होता. तो करकचून थांबला. एक उंच माणूस उडी मारून धावत आला, त्याने हात पुढे केला – आणि फळा धरला. मी चरात गेले.

"कागद कोरा आहे की चित्र झालंय?" त्याने वरून विचारलं.

"कोरा!" मी गुडघाभर चिखलातून ओरडले. "आणि माझी चौकशी कधी करणार?"

"तुम्ही धुतल्यावर स्वच्छ व्हाल. कागदाचं तसं नसतं."

मग त्याने मला वर ओढून घेतलं. त्याच्या कोटाला लाकडाच्या भुशाचा आणि जवसाच्या तेलाचा वास होता. डोळे राखाडी, आणि त्यांत हसू दाबून ठेवलेलं. मला राग यायला हवा होता… तो नीट आलाच नाही.

"कुठे जायचंय?"

"केमररांच्या घरी. मिस सालोमे केमरर. त्यांची पेटी रंगवायला आलेय."

"रंगवायला?" त्याचा आवाज इतका तीक्ष्ण झाला की मी दचकले.

"पेटी नाही हो – पेटीचं चित्र. सरकारी काम आहे."

ते दाबलेलं हसू एकदम विझलं. "ती माझी आत्या," तो म्हणाला. "मी लिअँडर. बसा."

पुढच्या दोन मैलांत तो एक शब्दही बोलला नाही.

ते १९३८ साल होतं. मी एल्व्हिरा सान्सोने, चोवीस वर्षांची, दक्षिण फिलाडेल्फियातल्या एका गिलावा करणाऱ्याची मुलगी. चुन्याने वडिलांची छाती धरली होती, त्यांचं काम सुटलं होतं आणि घर माझ्या ब्रशवर चाललं होतं. सरकारने आमच्यासारख्या बेकार चित्रकारांना एक काम दिलं होतं – देशातल्या जुन्या घरगुती वस्तूंची हुबेहूब चित्रं काढायची. रजया, मातीचे कुंजे, छपरावरचे वारा दाखवणारे पत्र्याचे कोंबडे, लग्नाच्या पेट्या. दिसेल ते काढायचं, पदरचं काही घालायचं नाही. शेवटी एक पत्रक भरायचं: वस्तू कोणाची, कधीची, तिच्यात नंतर काही दुरुस्ती झाली आहे का. आणि खाली सही.

गेल्या महिन्यात आमच्या शाखेतली निम्मी माणसं कमी केली होती. उरलेल्यांचं एकेक चित्र पाहून ठरणार होतं, कोण राहणार आणि कोण जाणार. माझं चित्र पाहायला आमच्या वरिष्ठ, मिसेस थॉर्नबरी, तीन आठवड्यांनी शुक्रवारी स्वतः येणार होत्या.

सालोमेबाई एकाहत्तर वर्षांच्या, चिमणीएवढ्या, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी मला वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेलं. खिडकीखाली पेटी होती. निळ्या रंगावर तीन पांढुरक्या चौकटी, प्रत्येकीत एक फुलदाणी, फुलदाणीतून उसळलेल्या ट्यूलिप, दोन बाजूंना दोन पक्षी. वर नाव: मारिया बार्बरा, १७८८.

"माझी पणजी," त्या म्हणाल्या. "दीडशे वर्षांत या पेटीला परका हात लागलेला नाही. घराला आग लागली तेव्हा माझ्या आजोबांनी आधी ही बाहेर काढली. मग आजीला."

"आजी काय म्हणाल्या?"

"म्हणाली, बरोबर केलंत. पेटी एकटी चालू शकत नाही." मग त्यांनी खाली वाकून तिसऱ्या चौकटीवर बोट फिरवलं. "ही माझ्या पलंगाशी असायची. आकडे मी हिच्या पाकळ्यांवर शिकले. आता दिसत नाही, पण रोज संध्याकाळी हिच्याशी दोन शब्द बोलते. हसू नकोस."

मी हसले नव्हते. माझ्यामागे दारात लिअँडर उभा होता आणि तोही हसत नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी त्याचं हसू परत आलं, ते अगदी ओसंडून. घरामागेच त्याची सुतारकामाची खोली होती. तिथून दिवसातून तीन वेळा तो जिना चढायचा. कधी कॉफी, कधी काकवीचा केक, कधी नुसताच "वाऱ्याने खिडकी वाजत नाही ना?"

"मला कोणत्या रंगात काढाल?" त्याने एकदा विचारलं.

"तुम्ही वस्तूंच्या यादीत नाही."

"घरातलीच वस्तू आहे. आत्या तर म्हणते, निरुपयोगी सामान."

"किती वर्षांचं?"

"एकोणतीस."

"फार नवं. सरकार घेणार नाही."

"सरकारचं मी विचारलंच नव्हतं…" तो म्हणाला, आणि माझ्या पहिल्या चौकटीतल्या पक्ष्याच्या डोळ्यात नको तेवढा लाल रंग उतरला. तो टिपून काढायला मला अख्खी दुपार लागली.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांच्यासारख्या जुन्या जर्मन घरांत डँडेलियन नावाच्या रानफुलाचा कोवळा पाला खातात, डुकराच्या गरम चरबीची फोडणी घालून. आम्ही तो तिघांनी मिळून कुरणात खुडला. लिअँडर डाव्या हाताने सुरी चालवत होता, सपासप.

"शाळेत मास्तरांनी पट्टीने बोटं सुजवली, तेव्हा कुठे हा उजव्याने लिहायला लागला," सालोमेबाई म्हणाल्या. "बाकी सगळं अजून उलटंच."

"सगळं नाही, आत्या."

"सगळं. एकोणतीस झाला तरी लग्न नाही, हे सुलटं का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी पाल्याकडे पाहिलं. पाला कडू होता… आणि मला तो फार आवडला.

फक्त एक गोष्ट खुपत होती. तो सारखा म्हणायचा, "दोन चौकटी झाल्या की झालं की. तिसरी अगदी तशीच आहे. जुळी बहीण. बघून बघून डोळे कशाला दुखवायचे?" थट्टेतच म्हणायचा. पण हे म्हणताना त्याचे हात थट्टेत नसायचे – दाराची चौकट घट्ट धरलेले असायचे.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी मी तिसऱ्या चौकटीला बसले.

आणि हात अडला. दोन आठवडे मी त्या जुन्या रंगाऱ्याच्या मागे मागे चालत होते. तो ब्रश कुठे टेकवतो, कुठे उचलतो, सगळं मला पाठ झालं होतं. आता एकही देठ जमेना. आकार तोच, रंग तोच, पण वळणावर माझी रेघ मोडायची. सोमवार गेला. मंगळवारची सकाळ गेली. भिंग लावून पाहिलं – इथे रेघ उजवीकडे जाड होती आणि डावीकडे निमुळती. पहिल्या दोन चौकटींत नेमकं याच्या उलट होतं. मंगळवारी दुपारी मी वैतागून ब्रश डाव्या हातात घेतला.

देठ सरळ कागदावर उतरला. वेडावाकडा, थरथरता… पण वळण तेच.

ही चौकट त्या जुन्या माणसाची नव्हती. ही एका डावखुऱ्याची होती.

जिन्यावर काहीतरी किणकिणलं. दारात लिअँडर होता, हातात कॉफीचा कप. तो माझ्या डाव्या हाताकडे पाहत होता. त्याने कप हळूच जमिनीवर ठेवला आणि खाली निघून गेला.

मी त्याच्या मागोमाग गेले. सुतारकामाच्या खोलीत तो रंधा हातात धरून उभा होता, समोर लाकूड नसताना.

"कधी?" मी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी. हिवाळ्यात." तो माझ्याकडे पाहत नव्हता. "आत्या तिच्या बहिणीकडे गेली होती, महिनाभर. पेटीचा पाय निखळला होता, म्हणून मी ती इथे आणली. त्या फळीवर रंग उतरवायचं कॉस्टिकचं पाणी होतं. माझा धक्का लागला… डबा कलंडला. पुसेपर्यंत पांढरं लाकूड दिसायला लागलं होतं."

"आणि तुम्ही ती परत काढलीत."

"लहानपणापासून पाठ होती ना. एकोणीस दिवस लागले. जुनं दिसावं म्हणून चहाचं पाणी दिलं, काजळी दिली, मेण घासलं. आत्या आली, तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, पुसून ठेवलीस वाटतं, शहाणा." त्याने रंधा खाली ठेवला. "तेव्हापासून मी तिच्या डोळ्यांत बघून बोललेलो नाही. तिला दिसत नाही म्हणून चालून गेलं."

बाहेर गाई कुंपणाशी हंबरत होत्या. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न होता, आणि तो विचारायची मला भीती वाटत होती.

"मग ती कॉफी… तो केक… त्या सगळ्या गप्पा…"

तो खोटं बोलेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, त्याने खोटं बोलावं असंच वाटलं.

"पहिले दोन-तीन दिवस – हो," तो म्हणाला. "तुझं लक्ष उडावं म्हणून."

"आणि नंतर?"

"नंतर मी जिन्यावर उभा राहून नुसता बघायचो. तू त्या पक्ष्याचं एकेक पीस इतका जीव लावून काढत होतीस… मला वाटायचं, ही माझ्यापर्यंत पोचू नये. आणि मग वाटायचं, पोचावी. माझा हात कोणीतरी एकदा ओळखावा."

"यावर मी विश्वास ठेवू?"

"नको ठेवूस. मी तो कमावलेलाच नाही." मग अगदी हळू – "पण शुक्रवारी ते लिहू नकोस, एल्व्हिरा. माझ्यासाठी नाही. तिला उरलेलं एवढंच आहे."

"आणि मी खोटी सही केली नि मिसेस थॉर्नबरींनी ओळखलं, तर माझं नाव कायमचं पुसलं जाईल. माझ्या घरीही माणसं आहेत, लिअँडर."

"माहीत आहे."

"तुला काही माहीत नाही!" मी म्हटलं आणि बाहेर पडले. डोळ्यांत पाणी का आलं, ते पेटीमुळे की त्याच्या त्या 'हो'मुळे… मला आजही ठरवता येत नाही.

पुढचे दोन दिवस कॉफी आली नाही. जिना वाजला नाही. मी तिसरी चौकट आहे तशी काढली, देठन् देठ, माझ्या कच्च्या डाव्या हाताने, दात ओठांवर रोवून. आणि त्याच्या प्रत्येक रेघेत मला तो एकोणीस दिवसांचा माणूस दिसत राहिला… एकटा, घाबरलेला, आणि तरीही कुठे चुकायचं नाही म्हणून श्वास धरलेला. त्याच्यावर चिडायला मला फार कष्ट पडत होते.

शुक्रवारी अकरा वाजता मिसेस थॉर्नबरी आल्या. पांढरे हातमोजे, गळ्यात भिंग. सालोमेबाई ठेवणीतला पोशाख घालून खुर्चीत बसल्या होत्या. जणू चित्र त्यांचंच निघणार होतं. मिसेस थॉर्नबरींनी माझं चित्र खिडकीशी नेलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग पेटीपाशी वाकल्या, मग पुन्हा चित्र.

"काम उत्तम आहे," त्या म्हणाल्या. पण भिंग तिसऱ्या चौकटीवरून हललं नाही. "पत्रकात दुरुस्तीची जागा कोरी का?"

"लिही ना पोरी," सालोमेबाई हसत म्हणाल्या. "लिही – काही नाही. दीडशे वर्षांत काही नाही!"

मी पेन उचललं. टोक कागदाला टेकलं. 'काही नाही' – दोन शब्द लिहिले की माझी नोकरी वाचणार होती, आत्याचं मन वाचणार होतं, त्याची लाज वाचणार होती. मी पेन खाली ठेवलं.

"मी सही करू शकत नाही," मी म्हटलं.

"कारण?"

"कारण मला सांगता येणार नाही. चित्र नाकारलंत तरी चालेल."

मिसेस थॉर्नबरींनी हातमोजा काढला, पत्रक घडी घालायला घेतलं. आणि जिन्यावर पावलं वाजली – सावकाश, जड, एकेक.

लिअँडर आत आला. हातापायांना भुसा, चेहरा पांढराफटक.

"लिहा," तो म्हणाला. "तिसरी चौकट. १९३६ साली पूर्ण पुन्हा रंगवली. रंगवणारा – लिअँडर केमरर. एल्व्हिराला माहीत होतं, पण तिने मला झाकलं. तिला काही करू नका."

मग तो आत्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि सगळं सांगितलं. तो डबा, ती फळी, ते एकोणीस दिवस. सालोमेबाईंचा हात सवयीने तिसऱ्या चौकटीकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.

"दोन वर्षं?"

"हो, आत्या."

"मी रोज बोलत होते तिच्याशी. तू ऐकत होतास?"

"हो."

"खाली जा," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना मिसेस थॉर्नबरींनी मला फाटकापाशी थांबवलं. "दुरुस्तीची नोंद करून चित्र पुढे पाठवते. वरून काय उत्तर येईल, याचं वचन देत नाही." मग हातमोजा चढवत म्हणाल्या, "पेन खाली ठेवणारी माणसं माझ्याकडे थोडी आहेत, मिस सान्सोने." उत्तर यायला दोन आठवडे लागले. ते चांगलं होतं. पण त्या दिवशी मला ते कुठे माहीत होतं…

शनिवारी सकाळी मी रंग आवरत होते. घरात रात्रीपासून कोणी जेवलं नव्हतं. लिअँडर सुतारकामाच्या खोलीतच झोपला होता.

"इकडे ये," सालोमेबाई पेटीपाशी बसल्या होत्या. "तुझे डोळे दे मला. माझी पणजी कुठे संपते आणि तो कुठे सुरू होतो, दाखव."

मी त्यांचं बोट धरलं. पहिल्या चौकटीवर नेलं. "हा जुना रंगारी घाईत होता. बघा, इथे ब्रश आधीच उचललाय. इथे पाकळी अर्धीच सोडलीय. त्या आठवड्यात त्याने आणखी चार पेट्या रंगवल्या असतील." मग तिसरीवर. "इथे कुठेच घाई नाही. एकही रेघ अर्धी नाही."

"म्हणजे हे वाईट?"

"नाही. हे घाबरलेल्या माणसाचं काम आहे." मी थांबले. "आणि… जीव असलेल्या माणसाचं."

त्यांचं बोट बराच वेळ एका पाकळीवर राहिलं.

"घाबरला कशाला मेला?" शेवटी त्या म्हणाल्या, आणि आवाज फुटला. "सहा वर्षांचा होता, आई गेली तेव्हा. मी वाढवला. सांगितलं असतं तर काय केलं असतं मी? दोन दिवस ओरडले असते. संपलं असतं! त्याऐवजी दोन वर्षं माझ्या घरात चोरासारखा वावरला… जा, त्याला जेवायला बोलाव."

मी दाराशी पोचले, तेवढ्यात – "काय गं, तू कॅथलिक ना?"

"हो."

"हं," त्या म्हणाल्या. "या घरात अजून कॅथलिक सून आलेली नाही. बघू."

तो बाकावर बसला होता, पाठमोरा.

"आत्याने जेवायला बोलावलंय," मी म्हटलं.

त्याचे खांदे एकदा हलले. त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला, आणि मी तिथेच, भुशात, उभी राहिले. अंगणातून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग तो उठला.

"तुझी बस अडीचची आहे."

"हो."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही. मला कळतं ते."

"नव्हता," मी म्हटलं. "काल तुझी पावलं जिन्यावर वाजेपर्यंत." पुढचे शब्द तुटक आले. "लिअँडर… मला ती बस पकडायची नाहीये. मला तू आवडतोस. फार. झालं, सांगितलं."

तो माझ्याकडे बघत राहिला, सरळ डोळ्यांत. त्याला ती सवय राहिली नव्हती, हे दिसत होतं. मग एक पाऊल पुढे आला.

"पुढची बस?"

"सोमवारी."

"मग सोमवारी मीही येतो. तुझ्या वडिलांना भेटायला."

"ते इटालियनमध्ये ओरडतात."

"मी जर्मनमध्ये ऐकून घेईन." आणि मग हसू नाही, थट्टा नाही… "एल्व्हिरा, मला तुझ्याबरोबर राहायचंय. तुला खरं काय ते दिसतं, त्या नजरेसमोर राहायचंय."

मी त्याच्या कोटात तोंड लपवलं. त्याच्या छातीचे ठोके माझ्याहूनही वेडे होते.

"बोलावणं करायला एवढा वेळ?" स्वयंपाकघराच्या दारातून आत्याचा आवाज आला. "अंगण आहे का समुद्र?"

आम्ही दोघंही जागचे हललो नाही. सूप निवलं ते निवलंच.